पोरं सुखरूप ठेवण्याचे खात्रीशीर उपाय

पहिलं काम, बागेतलं लोखंडी जंगल जिम गॅस कटरने कापून भंगारात घाला. आमच्या सोसायटीने गेल्याच रविवारी घातलं. एका पोराचं कोपर फुटलं होतं. खाली फरशी कोणी बसवली, हे मात्र सभेत विचारू नका. 2 मीटरवरून पडणाऱ्या पोराखाली निदान 20 सेंटिमीटर सुटी वाळू लागते, आणि पायांनी ती इकडेतिकडे सरकते म्हणून वर आणखी 10. पण वाळूत मांजरं घाण करतात ना! मग फरशीच बरी, धुता येते.

पोर वर चढत असेल तर नेमकं हात बदलताना खालून ओरडा, "पडशील!" ते तुमच्याकडे बघेल, पकड सुटेल, तुमचं भाकीत खरं ठरेल. "आता पाय कुठे ठेवणार?" असलं काही विचारू नका, ते विचार करायला लागेल.

सायकलचं हेल्मेट घालूनच चढवा. धड दांड्यांतून खाली सटकतं, हेल्मेट अडकतं, पोर हनुवटीच्या पट्ट्यावर लटकतं.

सूरपारंब्या मोबाइलवर दाखवा.

घसरगुंडीवर लहानग्याला एकटं सोडू नका, मांडीवर घेऊन घसरा. त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकतो, पाय तिथंच राहतो आणि मागून तुमचं 70 किलोचं धूड खाली येतच असतं. नडगी पिळवटून मोडते. एकटं असतं तर पाय अडकल्यावर थांबलं असतं, रडलं असतं, सोडवून घेतलं असतं. पण नाही, आपल्याला काळजी आहे ना! वर व्हिडिओही हवा. स्वतःहून चढता येत नाही त्या दांडीवर उचलून बसवायचं, फोटो काढायचा आणि त्याला उतरता येत नाही म्हणून खेळणंच धोकादायक ठरवायचं!

अहो, उंची पोराला दिसते, तो आपल्या बेताने चढतो. झोक्याची झिजलेली कडी त्याला दिसत नाही. ती बघायचं काम तुमचं होतं. महिन्यातून एकदा पाना घेऊन बोल्ट आवळायला कोणी फिरकलं नाही, कापायला मात्र सकाळी सातला अख्खी कमिटी हजर. आणि चढणं थांबलंय का? आता पोरं जनरेटरच्या पिंजऱ्यावर आणि कुंपणाच्या टोकदार सळ्यांवर चढतायत. चेअरमनसाहेब, त्या रिकाम्या जागेत लावलेली गाडी आधी काढा, फरशी उखडा आणि वाळू मागवा.