पास हाय का नापास?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सिंहगड रोडला चार घरची धुणीभांडी उरकून एक बाई शाळेच्या फाटकाशी आल्या. मला सर समजल्या. म्हणाल्या, "पोरगी पास हाय का नापास, तेवढं सांगा. बाई म्हणत्यात खाली हाय."

मी सर नाही. बँकेतून निवृत्त झालोय आणि आठवड्यातून दोन सकाळी महापालिकेच्या एका शाळेत मुलांना शेजारी बसवून वाचायला लावतो. (शाळेचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जायचंय.) पण माझ्याकडे वही असते. तिच्यात होतं की जूनमध्ये ही पोरगी जोडाक्षराला अडायची, 'पुस्तक'चं 'पुसतक' करायची. आता पाचवी संपताना ती अख्खी गोष्ट वाचते आणि मध्येच थांबून "असं कसं?" म्हणून भांडते. शाळेच्या कागदावरचा शेरा मात्र 'इयत्तेच्या पातळीखाली'. दोन्ही खरं आहे, आणि तीच तर पंचाईत.

अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो, बघितलाय? सेविका नुसता आकडा बघत नाही, रेघ बघते. बाळ हडकुळं असलं तरी रेघ चढत असेल तर आईला धीर देते. बाळ गुटगुटीत असून रेघ आडवी झाली तर विचारते, काय झालं हो? मूल पहिलीत गेलं की हा तक्ता गायब होतो. मग उरते ती सरासरी, वर्गाची, शाळेची, जिल्ह्याची.

परीक्षा कमी आहेत म्हणून असं होतं म्हणाल तर तसंही नाही. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन अशा चाचण्या वर्षभर चालू असतात. पेपर वर्गशिक्षकानेच तपासायचा, गुणही त्यानेच ऑनलाइन भरायचे. म्हणजे ज्याच्याकडे जाब मागायचा, त्याच्याच हातात तराजू. एका शाळेत चाचणीच्या दिवशी फळ्यावरून उत्तरं उतरवणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत. त्या शिक्षिकेला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आकडा कमी आला की नोटीस येते, आकडा खोटा आला तर कुणी विचारत नाही. अशात माणूस काय करेल?

आणि हो, नुसती रेघ मोजायची ठरवली तरी चलाखी होणारच. जूनमध्ये मुद्दाम गुण पाडून ठेवायचे, एप्रिलमध्ये प्रगतीच प्रगती! म्हणून मोजणारा बाहेरचा हवा आणि बघायला पालक हवेत. 'असर' नावाच्या स्वयंसेवी शिक्षण-पाहणीचे कार्यकर्ते २००५ पासून हेच करतात. घरी जातात, मुलाच्या शेजारी बसतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेतात. पण ते खेड्यांत जातात, पुणे शहरात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' या सरकारी मूल्यमापन केंद्राचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तेही नमुन्याचं, म्हणजे निवडक मुलांचं, तिसरी, सहावी आणि नववीचं. त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, या पोरीचं नाही.

पुण्याला तरी हे नवं वाटू नये. फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळांची १८५३ साली जाहीर परीक्षा झाली, तेव्हा बघायला पुणेकर लोटले होते. आता मुलांना तसं चव्हाट्यावर आणू नये, हे मलाही कळतं. पण आई किंवा बाप, मूल आणि दुसऱ्या शाळेतला एखादा शिक्षक, एवढ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसायला काय हरकत आहे? वर्षातून दोनदा. शाळेच्या दारावर फक्त एवढंच लागू दे : जूनमध्ये किती मुलं अक्षरापाशी होती आणि त्यातली किती आज गोष्ट वाचतात.

शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने आहेच. ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या बायका. मी बसलोय अशा बैठकांना. चहा येतो, रजिस्टर फिरतं, सह्या होतात. वाचनाचा विषय मी काढला तेव्हा एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं.

जाब वरही विचारायला हवा. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडली तर शिक्षकाला शाळेबाहेरचं काम द्यायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण निवडणूक या एका शब्दात किती महिने जातात ते मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईंना विचारा. शिक्षक वर्षात किती दिवस खरोखर वर्गात होता, हा आकडा महापालिकेने त्याच दारावर लावावा.

त्याऐवजी आपण काय केलं? २०१९ साली कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला पुन्हा नापास करायची सोय झाली. महाराष्ट्राने ती उचललीही. पाच वर्षं शाळेने शिकवलं नाही, आणि वर्ष वाया जाणार दहा वर्षांच्या पोराचं. ढकलत नेणंही वाईटच, मान्य. पण फेरपरीक्षा कधी शाळेची होते का?

त्या बाईंना मी वही दाखवायला गेलो, तर त्यांना वाचता येत नव्हतं. मग पोरीलाच म्हटलं, वाच. तिने फाटकाशी उभ्याउभ्या पान-दीड पान वाचलं, एकदा अडखळली, परत मागे जाऊन नीट वाचलं. आई ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"मंग हिला खाली का म्हणत्यात?"