चुरगळलेला कागद आणि पट

दर गुरुवारी लेकीच्या दप्तरातून एक चुरगळलेला कागद निघतो. न्यूझीलंडच्या वायकाटो भागातली आमची शाळा ३१ मुलांची, वर्ग दोनच. आठवडाभर काय झालं ते त्या कागदावर असतं. धाकट्यांनी बटाटे लावले, थोरल्यांनी पाऊस मोजला, उन्हाळ्यापुरती पोहण्याच्या तलावाची किल्ली हवी असेल तर ऑफिसात पैसे भरा, कुणाचा तरी डावा गमबूट सापडलाय. आणि या खेपेला वासरांच्या दिवसाचा निकाल.

दुभत्याच्या या पट्ट्यातली ही जुनी रीत. पोरं एखादं वासरू नाहीतर कोकरू सांभाळतात आणि ऑक्टोबरच्या सुमाराला शाळेच्या मैदानावर दाव्याने चालवून दाखवतात. आमची कालवड अर्ध्या रिंगणात जी थांबली ती हलेचना. लेक तिच्या कानाशी लागली, ‘चल गं बाई, घरी गूळ देते.’ परीक्षकाला काही कळलं नाही. कालवडीला कळलं असावं. तिसरा नंबर!

हा कागद मी फोनवर ताईला वाचून दाखवला. ती भोर तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, पट, म्हणजे मुलांची संख्या, नऊ. ऐकून म्हणाली, ‘यात काय विशेष? आमच्या परसबागेतली मेथी परवा खिचडीत पडली, शनिवारी लेझीम झालं. फोटोही काढले.’ फोटो कुठे गेले? आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर. पुरावा म्हणून.

माझं म्हणणं इथेच आहे. इथला कागद खाली, घराघरांत जातो. तिकडचा फोटो वर जातो, आणि वरच्याला दिसतो तो पट. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा १४ हजारांहून जास्त शाळांची यादी निघाली. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. यादीत मेथीला रकाना नव्हता.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. २००३-०४ च्या सुमाराला इथल्या सरकारनेही छोट्या शाळा बंद करायचा, जोडायचा धडाका लावला होता. गावोगावचे लोक उठले तेव्हा तो थांबवावा लागला. लोक उठले, कारण १९८९ पासून शाळेचा कारभार पालकांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे आहे. मुख्याध्यापकसुद्धा तेच नेमतात. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे, पण तिच्या वाट्याला बहुतेक वेळा सह्याच येतात.

समूह शाळेच्या बाजूने जे बोलतात ते अगदीच चूक नाहीत. माझ्या लेकीच्या वयाची दुसरी मुलगी शाळेत नाही, आणि ते तिला टोचतं. फुटबॉलचा संघ उभा करायला पहिलीपासून आठवीपर्यंतची पोरं गोळा करावी लागतात. पण इथे त्यावरचा उपाय म्हणजे आसपासच्या शाळांचा एकत्र खेळांचा दिवस. त्या दिवसापुरती बस येते, पोरं जातात, संध्याकाळी परत येतात. शाळा आपल्या जागी राहते. समूह करायचाच तर आपल्याकडे शनिवारचा का करू नये? दप्तराविना खेळ-उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ कागदावर आहेच. पहिलीतल्या पोराने रोज ओढा ओलांडून जाण्यापेक्षा महिन्यातून दोनदा गाडीने गेलेलं बरं. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय, ते काही उगीच नाही.

ताईला म्हटलं, तूही दर शनिवारी एक पान काढ, नऊ घरांत दे. ती हसली. ‘अगं, नऊ घरांतल्या चार आज्यांना वाचता येत नाही, आणि मेथी कुणी खुडली ते त्यांना माझ्या आधी ठाऊक असतं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘सरपंचांना मात्र काही माहीत नसतं. त्यांची नातवंडं व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या घरी टाकेन एक.’