क्षुल्लक गळती

आज पाचवा दिवस. छातीवरची तीन टकलं अजून खाजतायत. परवा मीटिंगमध्ये शर्टाच्या दोन बटणांच्या मधून बोट घालून खाजवत होतो, तेवढ्यात साहेबांनी नेमकं मलाच काहीतरी विचारलं. बोट बाहेर निघेना. सगळ्यांसमोर नेपोलियनसारखा बसून तिमाहीचा हिशेब सांगितला.

झालं असं, की विम्याची रक्कम वाढवायची होती आणि विमा कंपनीला माझ्या हृदयाची लेखी हमी हवी होती. वय ४७, पोट जरा पुढे, बाकी ठणठणीत. सकाळी उपाशीपोटी साडेसातला हॉस्पिटलात हजर झालो. ईसीजी काढणारी मुलगी पंचविशीची असेल. छातीला लावायचे ते सहा रबरी फुगे माझ्या छातीवर काही टिकेनात. एक बसवला की दुसरा ‘पॉक’ करून सुटायचा. चौथ्यांदा सुटल्यावर तिने पडद्याबाहेर तोंड काढलं आणि अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सिस्टर, रेझर कुठंय? इथे जंगल आहे!”

पाणी नाही, साबण नाही. कोरडंच. तीन ठिकाणी झाल्यावर तिला वाटलं, आता चालेल. सलग केलं असतं तरी चाललं असतं हो, निदान हिशेबात तरी दिसलं असतं. आता आरशात पाहिलं की छातीवर कुणीतरी प्लॉट पाडलेत असं वाटतं.

मग टूडी एको. मग हातात एक लिफाफा आणि “डॉक्टर बघतील, बसा”. बसलो. अकरा वाजून गेले. लिफाफा उघडू नये हे मला कळतं. साडेअकराला उघडला. आत गुलाबी चौकटींच्या कागदावर माझे ठोके होते आणि वर इंग्रजीत छापलं होतं : इनकम्प्लीट आरबीबीबी. एकोच्या कागदावर ट्रिव्हिअल एमआर. खाली नो आरडब्ल्यूएमए. ही सगळी अक्षरं माझ्या छातीतून निघालेली, पैसेही मीच भरलेले, आणि मला त्यातलं एक वाचता येत नव्हतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर मोडीत काही लिहिलेलं असावं आणि तलाठी जेवायला गेलेला असावा, तशी अवस्था.

“ईसीजी का?” शेजारून आवाज आला.

पंचाहत्तरीचे एक काका. पांढरा बुशशर्ट, पायात कोल्हापुरी, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी चक्क टेस्टर. लाइट आहे की नाही बघायचा तो पिवळ्या मुठीचा टेस्टर. हॉस्पिटलात टेस्टर कशाला, हे विचारायच्या आतच ते म्हणाले, “वीज मंडळात छत्तीस वर्षं. आणा इकडे.”

लोकलमध्ये शेजाऱ्याला पेपरचं मधलं पान द्यावं, तसा मी माझा ईसीजी त्यांना देऊन टाकला.

काकांनी चष्मा कपाळावर सारला, कागद नाकाला लावला आणि अंगठ्याच्या नखाने चौकोन मोजायला लागले. “एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत मोठे चौकोन मोजायचे. त्या आकड्याने तीनशेला भागायचं. तुमचे तीनच्या थोडे वर. म्हणजे नव्वद-पंच्याण्णव. घाबरला होतात?”

“रेझर होता.”

“हं.” त्यांनी ते मान्य केलं. “बाकी सप्लाय बरा आहे. सिंगल फेज.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. माणसाला सिंगलच असते.”

मी आरबीबीबीवर बोट ठेवलं. काका खुलले. त्यांची पाठ सरळ झाली, एक हात हवेत गेला आणि त्या हाताने ते हृदयाचं सबस्टेशन उभं करायला लागले. “वर उजव्या खोलीत सबस्टेशन. तिथून करंट सुटतो. मध्ये एक जंक्शन, तिथे तो जरा थांबतो. तो का थांबतो? वरची खोली आधी आवळून झाली पाहिजे ना. मग तिथून मेन लाइन खाली. हिस म्हणतात तिला.”

“हिस्सा?” समोरच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं.

“हिस. विल्हेल्म हिस. डॉक्टर होता, १८९३ साली त्याने ती लाइन शोधली. माणसाच्या छातीतली लाइन १८९३ ला सापडली, आणि आमच्या गावात खांब पडले १९६८ ला.” ह्याचा राग काकांना अजून असावा, कारण ते थोडा वेळ गप्प बसले. “तर मेन लाइनचे दोन फीडर. डावा आणि उजवा. आरबीबीबी म्हणजे उजवा फीडर बंद.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. “मग उजव्या बाजूला सप्लाय?”

“डावीकडून फिरून येतो ना! शेजारच्या घरातून वायर टाकून घेतात तसा. उशिरा येतो, पण येतो. तीन बारके चौकोन भरले की पूर्ण ब्लॉक. तुमचे भरत नाहीत, म्हणून इनकम्प्लीट. फीडर जरा ढिला आहे, एवढंच. अशाने माणसं नव्वदी गाठतात.”

हे मी इथे एवढं सविस्तर लिहितोय, कारण नंतर घरी तीन रात्री जागून मी हे सगळं पडताळून पाहिलं. काकांची एकही गोष्ट चुकीची नव्हती. मला खरं तर ते चुकलेले हवे होते. चुकले असते तर हा लेख जास्त विनोदी झाला असता.

मी एकोचा कागद काढला. त्यात ‘ईएफ ६०%’ होतं. मला वाटलं, साठ टक्के? दहावीला ह्याहून जास्त होते. काका म्हणाले, “साठ म्हणजे फर्स्ट क्लास. हृदय दर ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. पंचावन्नच्या वर असलं की झालं. शंभर कुणालाच पडत नाहीत.”

मावशी इतका वेळ स्टीलचा डबा मांडीवर धरून ऐकत होत्या. त्या पुढे सरकल्या. “आमच्या ह्यांचे पस्तीस आलेत,” त्या म्हणाल्या. “आत नेलंय त्यांना. पस्तीसला पास असतं ना हो?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला.

“असतं,” ते म्हणाले. “औषधं वेळेवर घ्यायची. मीठ कमी.”

मावशींनी मान डोलावली आणि डबा पुन्हा नीट मांडीवर घेतला. ह्या बाईच्या नवऱ्याचा कागद तयार करायला मशीन लागलं, मशीन चालवणारा लागला, सही करणारा लागला. तो आकडा म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगायला मात्र त्या सहा मजली इमारतीत एक निवृत्त वायरमन काय तो मोकळा होता. मराठीत सांगायला हरकत काय असते? शब्द नाहीत असं तर नाही. उलट आम्हाला जास्तच होते. माझ्या शाळेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांना कर्णिका म्हणत आणि खालच्यांना जवनिका. मुलीच्या पुस्तकात तेच कप्पे अलिंद आणि निलय झाले. मी तिचा अभ्यास घेताना जवनिका म्हणालो तर तिला वाटलं, माझी कुणी जुनी मैत्रीण.

अलिंद म्हणजे मूळ संस्कृतात घराच्या दारापुढची ओसरी. इंग्रजीतला एट्रियमही रोमन घराच्या दर्शनी चौकावरून आलेला. आणि निलय म्हणजे घर. म्हणजे रक्त आधी ओसरीवर टेकतं, मग घरात येतं. इतकी सुंदर व्यवस्था कुणी समजावून सांगितली असती तर मी पाठ करताना रडलो नसतो. आम्हाला सांगितलं काय, तर ‘नावे द्या व आकृती काढा, गुण ४’.

तेवढ्यात आतून हाक आली, “पेसमेकरवाले काका!”

काका उठले. मी बघतच राहिलो. “आपला डीजी सेट,” डाव्या खांद्याखाली बोटाने टकटक करत ते म्हणाले. “मेन लाइन चालू असली की गप्प. ठोका चुकला की हा टाकतो. कंपनीची माणसंसुद्धा त्याला जनरेटरच म्हणतात, मी नाही काढलेलं नाव. बॅटरी बघायला येतो दर सहा महिन्यांनी.” दोन पावलं गेले आणि परत वळले. “त्या ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा. थर्मल कागद आहे, बसच्या तिकिटासारखा उडून जातो.”

माझा नंबर एक वाजता लागला. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली, मिनिटभर. घड्याळ माझ्यासमोरच होतं. “ठीक आहे. वयाप्रमाणे आहे.”

“डॉक्टर, ते एमआर...”

“मायट्रल व्हॉल्व्ह थोडा लीक आहे. ट्रिव्हिअल. सोडून द्या.”

ट्रिव्हिअल म्हणजे क्षुल्लक. अशी क्षुल्लक गळती पुष्कळ धडधाकट माणसांत सापडते आणि तिचं काही करायचं नसतं, हेही मी नंतर वाचलं. पण शब्द लागतो हो. ४७ वर्षं एक सुट्टी न घेता चाललेल्या अवयवाबद्दल कुणी ‘क्षुल्लक’ म्हणावं? त्यातून गळती हा आमच्या घरात हळवा विषय. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आमच्या बेडरूमच्या भिंतीत दोन पावसाळे पाणी मुरतंय. वरचे गृहस्थ दर मीटिंगला सांगतात, किरकोळ आहे. गळती किरकोळ आहे हे नेहमी ज्याच्याकडून गळतं तोच ठरवतो. आणि आमच्या इमारतीत निदान वरून खाली तरी गळतं. माझ्या हृदयात खालच्या घरातून वरच्या ओसरीत गळतंय. त्याची तक्रार कुठल्या सेक्रेटरीकडे करायची?

रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर शब्दच शोधत बसलो. मायट्रल हे नाव बिशपच्या त्या उंच, दोन पाकळ्यांच्या टोपीवरून पडलंय, वसईकडच्या वाचकांना ती सांगायला नको. हार्ट अटॅकच्या कागदावर जे इन्फार्क्ट लिहितात, त्याचं लॅटिन मूळ ‘आत ठासून भरणे’. म्हणजे तत्त्वतः भरली वांगी. आणि ईसीजीचा जनक, हॉलंडचा आइंटहोवन. १९२४ चं नोबेल मिळालं त्याला. त्याच्या पेशंटला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं. ते वाचून मला फार हेवा वाटला. मिठाचं पाणी चालेल. छातीला हात लावू नका.

“आता मोबाइल ठेव,” बायको म्हणाली. “आणि खाजवू नकोस, पुळ्या येतील.”

काकांचं ऐकून काल झेरॉक्स काढली. गुलाबी चौकोनांचा सगळा काळा राडा आला. दुकानातल्या मुलाने दोनदा काच पुसली, मग दहा रुपये घेऊन रंगीत काढून दिली. ती आणि एको, दोन्ही विम्याच्या माणसाला पाठवले. आज दुपारी त्याचा फोन आला.

“सर, रिपोर्ट बघितला आमच्या टीमने. एक छोटासा प्रॉब्लेम आहे.”

माझा फीडर तिथल्या तिथे ढिला झाला. “काय?”

“त्यावर इनकम्प्लीट लिहिलंय. इनकम्प्लीट रिपोर्ट आम्हाला चालत नाही, सर. तेवढं कम्प्लीट करून पाठवाल का? शुक्रवारपर्यंत.”

मी म्हटलं, प्रयत्न करतो.