खुलासा : सुई लावल्यानं कॅन्सर पसरतो का?

आर्णी-दिग्रसकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतो आहे : ‘फुप्फुसाच्या कॅन्सरवर आता गोळी निघाली. बायोप्सी करू नका, सुई लागली की गाठ पसरते.’

गोळी निघाली, हे खरं. पण ती कोणाला लागू पडेल, हे बहुतेकदा बायोप्सीत, म्हणजे त्या सुईनं काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनच कळतं. हाँगकाँगचे कर्करोगतज्ज्ञ टोनी मोक यांच्या नेतृत्वाखालचा ‘आयपास’ अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,२१७ रुग्ण होते, बहुतेक कधीच विडी-सिगारेट न ओढलेले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या, पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात बदल सापडला, त्यांचा आजार जेफिटिनिबच्या गोळीनं केमोपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला. ज्यांच्यात तो बदल नव्हता, त्यांना केमोच बरी ठरली. म्हणजे न तपासता गोळी घेतली, तर हातचे महिने जातात. आणि पसरलेला आजार ही गोळी थोपवते, मुळातून काढत नाही.

सुईच्या वाटेनं पेशी पसरणं फार क्वचित घडतं. खरी काळजी असते ती फुप्फुसातून हवा गळण्याची किंवा थोड्या रक्तस्रावाची. म्हणून तर ही तपासणी दवाखान्यातच करतात.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आपल्याकडे एक्स-रेत डाग दिसला की टीबीच समजतात. थुंकीत जंतू नाहीत, औषधानं डागही हटत नाही, तर नागपूर किंवा सेवाग्रामला दाखवा. तंबाखूला कधी न शिवलेल्या बायांनीसुद्धा.