हेल्पमध्ये नाही, पण चालतो

संगणकाकडे मदत मागितली की तो मदत करतो, असा एक गैरसमज आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायची, पुढे डॅश डॅश हेल्प जोडायचं, आणि मग प्रोग्रॅमने आपली सगळी कुंडली मांडायची: अमुक पर्याय दिला तर हे होईल, तमुक दिला तर ते. काही जण मांडतात. काही जण फक्त शुभ ग्रह तेवढे सांगतात.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जुन्या सभांची इतिवृत्तं स्कॅन करून आणली. स्कॅन करणाऱ्या पोराने निम्मी पानं आडवी टाकली होती आणि उरलेली तिरकी. "तुम्ही हिंजवडीला जाता ना? मग एवढं सरळ करून द्या," काका म्हणाले. हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला इस्त्रीपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये ठाम समजूत आहे.

मी एक छोटं, फुकट मिळणारं टूल उतरवलं आणि हेल्प मागितली. पानं जोडायचा पर्याय होता, तोडायचा होता, काटकोनात फिरवायचा होता. तिरकं पान सरळ करायचा नव्हता. बाणेरच्या मित्राला फोन केला.

"अरे, डीस्क्यू दे की."

"हेल्पमध्ये नाहीये तो."

"नसणारच. पण चालतो."

चालला! पान सुतासारखं सरळ. आनंद व्हायच्या ऐवजी माझं डोकं मात्र तिरकं झालं. सोय नसती तर मी मुकाट्याने दुसरं टूल शोधलं असतं. सोय आहे आणि सांगायची नाही, हा काय प्रकार? आमच्या काकांचंही असंच. गच्चीची किल्ली कुणाकडे, म्हटलं तर "वॉचमनकडे". वॉचमनने परत पाठवलं की, "हो, त्याच्याकडेच असते, पण माझी चिठ्ठी लागते. चिठ्ठीचं तुम्ही विचारलंच नव्हतं!"

रागाच्या भरात मी त्या टूलचा सोर्स कोड उघडला. सी भाषेतल्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असतं तसंच तिथेही होतं: ओळखायच्या पर्यायांचा तक्ता एकीकडे, आणि हेल्पचा मजकूर दुसरीकडे, हाताने टाइप केलेला. दोघांची ओळख करून देणारं मध्ये कुणी नाही. नवा पर्याय लिहिणारा तक्त्यात भर घालतो, चालतंय म्हणून खूश होतो आणि झोपायला जातो. मग मॅन पेज, म्हणजे कमांडचं मॅन्युअलमधलं पान, बघावं, तर हेल्पटूमॅन नावाचं एक साधन हेल्पच्याच मजकुरावरून मॅन पेज तयार करतं. म्हणजे हेल्पमध्ये जे राहिलं, ते मॅन पेजमध्येही साग्रसंगीत राहतं.

पायथन भाषेवाल्यांनी यावर तोड काढली. त्यांच्या आर्गपार्स नावाच्या तयार साधनामध्ये पर्याय आणि त्याची माहिती एकाच ठिकाणी लिहितात, हेल्प आपोआप तयार होते. विसरायला जागाच नाही. पण त्यातच 'सप्रेस' नावाची एक सोय ठेवली आहे: ती लावली की पर्याय चालतो, हेल्पमध्ये मात्र दिसत नाही. विसरभोळ्यांचा बंदोबस्त केला आणि लपवाछपवीला रीतसर परवाना दिला.

लपवायचंच असेल तर निदान सांगून लपवावं. कर्ल हे इंटरनेटवरून फायली आणणारं-पाठवणारं टूल. त्याचे पर्याय अडीचशेच्या वर आहेत. 2020 पासून साधी हेल्प मागितली की ते मोजकेच दाखवतं, पण ही पूर्ण यादी नाही, सगळं हवं तर 'ऑल' म्हणा, असंही बजावतं. याला मी सभ्यपणा म्हणतो.

बरं, मदत मागायची कशी, हेही ठरलेलं नाही. कुठे डॅश एच म्हणजे हेल्प. डीएफला डॅश एच दिलं तर ते डिस्कवरची जागा माणसाला वाचता येईल अशा आकड्यांत दाखवतं. फायलींमध्ये शब्द शोधणाऱ्या ग्रेपला दिलं तर ते उत्तरातून फायलींची नावं गाळतं. आणि हल्लीच्या बहुतेक लिनक्सवर अ‍ॅडमिनने शटडाउनला नुसतं डॅश एच दिलं, तर एका मिनिटाने मशीन बंद करायची वेळ लागते. मदत मागितली म्हणून दुकानच बंद! एवढं तर आमच्या पेठांतही होत नाही.

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. तिच्यात 'बग्ज' असं चक्क एक शीर्षक असे. आमच्या कमांडमध्ये काय खोट आहे ते आम्हीच सांगतो, असा तो रोखठोक कारभार. आणि इथे माणसं स्वतःचे गुणसुद्धा सांगेनात.

शेवटी मीच दुरुस्ती पाठवली. हेल्पच्या मजकुरात फक्त एक ओळ: डीस्क्यू, तिरकं पान सरळ करतो. टूल सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उत्तर लगेच आलं, अगदी अदबीचं. दुरुस्ती मंजूर, आभारी आहोत. मात्र आमची हेल्प चोवीस ओळींच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असा प्रकल्पाचा नियम आहे. 1978 च्या व्हीटी100 या टर्मिनल-यंत्राच्या पडद्यावर तेवढ्याच ओळी मावत, आणि तो नियम मोडायचं काही कारण अजून दिसलेलं नाही. त्यामुळे तुमची ओळ घेताना एक जुनी ओळ काढली आहे. तो पर्याय पूर्वीप्रमाणेच चालेल, काळजी नसावी.

कोणता पर्याय, ते उत्तरात नव्हतं.