छत्तीस फोटोंची सहल

यंदा सहलीचे फोटो रोलवर काढायचे, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. विरोध पहिल्या फोटोनंतर सुरू झाला. मुलगी धावत आली, कॅमेऱ्याच्या पाठीवर बोट घासलं आणि म्हणाली, "बाबा, स्क्रीन बंद पडलीय."

एका रोलमध्ये फोटो 36. मोबाईलवर आमची मंडळी एवढे गाडीतून उतरेपर्यंत उडवतात. आता प्रत्येक फोटोला माझी मंजुरी! सूर्यास्त? नामंजूर, तो रोज होतो. मेव्हण्याला हवेतली उडी टिपून हवी होती. तीही फेटाळली, कारण त्याची उडी जमीन सोडते याचा पुरावा नाही. मग उरली माणसं, आणि माणसं आली की हिशेब आलाच. कुणाचे किती झाले हे बायकोला तोंडपाठ. कॅमेऱ्यावरचा आकडा ती मानत नाही.

त्यात उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरची बॅटरी मेलेली. मग जुना नियम: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, 16 वर, आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे ती उजेड किती पटकन टिपते त्या आकड्याच्या जवळपास. 400 च्या रोलला 1/500 सेकंद. नियम चोख आहे, पण ढगांना तो माहीत नसतो. ढग आला की आकडे बदला, तेवढ्यात ऊन पडलं की परत फिरवा. आई फोटोच्या बाबतीत जुन्या वळणाची. "रेडी" म्हटलं की ती श्वास रोखते आणि क्लिक ऐकल्याशिवाय सोडत नाही. मी रिंग फिरवतोय आणि ती लालबुंद होत चाललीय. शेवटी "आई, श्वास घे गं!" म्हणून ओरडावं लागलं. तिनं तो एवढा मोठ्यानं सोडला की फोटो झाला असं समजून सगळे पांगले.

घरी आलो तरी रोलमध्ये थोडे फोटो शिल्लकच. रंगीत फिल्म धुताना 38 अंशांच्या डेव्हलपर रसायनात सव्वातीन मिनिटं राहते. आमच्या रोलला तिथवर पोचायलाच महिने लागले. "अरे, संपव तो एकदाचा," असा आईचा रोजचा धोशा. अखेर पंखा, चपलांचं कपाट आणि झोपलेला मेव्हणा यांच्यावर उरलेले खर्च केले.

प्रिंट आल्या. आई प्रत्येक फोटोत झकास. मेव्हण्याचे डोळे मात्र झाडून सगळीकडे मिटलेले, झोपेतल्या फोटोत ते निदान शोभले तरी. त्यानं ग्रुप फोटो माझ्यापुढे सरकवला.

"हा परत काढ."

"तिथे जाऊन?"

"मग काय! माझी रजा आहे शिल्लक."