‘मेंदू आपोआप दुरुस्त होतो’ म्हणे!

गेल्या सोमवारी मामीने स्पीच थेरपीवाल्या ताईंना फोन करून सांगितलं, "आता नका येऊ." का, म्हणून विचारलं तर मोबाइलच माझ्यापुढे धरला. भिशीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. ‘पॅरालिसिसच्या रुग्णांसाठी आनंदाची बातमी’ अशी सुरुवात आणि पुढे मजकूर असा: शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरमध्ये माणसाच्या मेंदूची हुबेहूब नक्कल केली, तिला मुद्दाम इजा केली, ती आपोआप बरी झाली, या शोधाला २०२४चं नोबेल मिळालं. तेव्हा थेरपीवर पैसे घालवू नका, मेंदूला विश्रांती द्या, गेलेले शब्द आपसूक परत येतात.

मामाने उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात काढला. फेब्रुवारीत पॅरालिसिसचा ॲटॅक आला. हात बराचसा सुधारलाय, शब्द अडकलेत. ताई कार्डं दाखवतात. ‘चादर’ लिहिलेलं कार्ड हातात धरून मामा ठामपणे "टॉवेल" म्हणतो. ‘सिद्धेश्वर’ वाचायला दिलं तर "गड्डा", म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा. चुकलंय हे त्याचं त्यालाच कळतं, मग मांडीवर हात आपटतो. या माणसाला विश्रांती द्यायची!

नोबेलचं आधी उरकतो. २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं, हे खरं. ते मिळालं कृत्रिम न्यूरल नेटवर्कच्या (मेंदूतल्या पेशींवरून सुचलेलं, कॉम्प्युटरमधलं जोडण्यांचं जाळं) साहाय्याने मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राने उदाहरणांवरून शिकणं, शक्य करणाऱ्या मूलभूत कामासाठी. अर्धांगवायूच्या उपचाराचा त्यात संबंध नाही. पण इजेचा तो प्रयोग करणाऱ्यांत हेच हिंटन होते, एवढं मात्र फॉरवर्डवाल्याच्या पदरात टाकावं लागतं.

आता ‘हुबेहूब नक्कल’. हिंटन आणि टिम शॅलिस यांनी १९९१ साली जे नेटवर्क छापून आणलं, त्याला इंग्रजीतले छोटे छोटे शब्द येत होते. किती? ४०. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. बालवाडीतल्या पोरालाही चाळिसाहून जास्त शब्द येतात. आणि इजा म्हणजे काय, तर काही जोडण्या पुसून टाकायच्या. रक्ताची गुठळी नाही, सूज नाही, बीपी नाही.

तरी तो प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात मामा दिसतो. जोडण्या तोडल्यावर ते नेटवर्क वाटेल तसं बरळत नव्हतं. काही वेळा अक्षरांनी जवळचा शब्द निघायचा, काही वेळा अर्थाने जवळचा, काही वेळा दोन्हींनी. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेला एक सैनिक होता, तो ‘काका’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वाचताना ‘पुतण्या’ म्हणायचा. तसंच हे. प्रत्येक प्रकारच्या चुकीसाठी मेंदूत वेगळी जागा दुखावलेली असायला हवी असं नाही, एकाच इजेतून हे सगळं निघू शकतं, हे त्या ४० शब्दांनी दाखवलं. चादरीचा टॉवेल का होतो याचा अंदाज त्यातून येतो. मामाचं डोकं फिरलेलं नाही, हे मामीला पटवायला मला हाच प्रयोग उपयोगी पडला.

आता ती ‘आपोआप’ची थाप. अशा नेटवर्कमध्ये जोडण्यांचा जोर बदलतो तो शिकवताना. शिकवणं थांबलं की ते आहे तिथेच थांबतं. इजा केलेलं नेटवर्क वर्षभर हार्ड डिस्कवर पडून राहू द्या, वर्षाने उघडलं तरी तितकंच चुकेल. विश्रांतीने त्याचं काही म्हणजे काही होत नाही.

मग ‘आपसूक’ आलं कुठून? हिंटन आणि टेरी सेनॉव्स्की यांनी १९८६ सालीच दाखवलं होतं की इजा झालेल्या नेटवर्कला काही शब्द पुन्हा शिकवले, तर न शिकवलेले शब्दही थोडेफार परत येतात. सोलापुरी चादरीतल्या मोराला स्वतःचा वेगळा धागा नसतो. ज्या ताण्याबाण्यातून मोर निघतो त्यातूनच शेजारची वेल निघते. मोरासाठी तुटलेला ताणा सांधला की वेलही थोडी सावरते. पण सांधायला कुणीतरी बसावं लागतं ना! फॉरवर्डवाल्याने ‘न शिकवलेले परत आले’ एवढंच उचललं आणि ‘बाकीचे शिकवल्यावर’ हे गाळलं.

पुढे १९९६ साली डेव्हिड प्लाउट यांनी अशाच नेटवर्कवर पाहिलं, की एखाद्या गटातले नेहमीचे नमुने शिकवण्यापेक्षा वेगळे, चाकोरीबाहेरचे नमुने शिकवले तर न शिकवलेल्यांना जास्त फायदा होतो. स्वाती किरण आणि सिंथिया थॉम्पसन यांनी २००३ साली मेंदूच्या इजेमुळे वस्तूंची नावं अडकणाऱ्या चार रुग्णांवर हे करून पाहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चिमणी-कावळा सोडून शहामृग-पेंग्विनची नावं घोटून घेतली, तर चिमणी-कावळाही सुधारले. उलटं केलं तर पेंग्विन तिथेच. चारच रुग्ण, म्हणून लगेच नाचायला नको. पण नेटवर्कच्या या कामातून निघालं ते थेरपी कशी द्यावी हे. बंद करा, हे कुठेच नाही.

ॲटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, महिन्यांत काही सुधारणा आपली आपण होते, हे मान्य. डॉक्टरही तेच सांगतात आणि त्याच काळात थेरपी सुरू करायलाही सांगतात. उद्या कुणाचं तोंड वाकडं झालं आणि घरच्यांनी हा फॉरवर्ड वाचून त्याला ‘विश्रांती’साठी झोपवलं तर? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

मामीला हे सगळं सांगितलं. ताई गुरुवारपासून परत येताहेत. "डिलीट कर आता तो मेसेज," म्हटलं तर मामी गप्प. मग म्हणाली, "मी तो पुढं अजून तीन ग्रुपवर टाकलाय की रे. तिथं आता काय लिहू?"

मामी, हेच टाक.